कमी दाबाचं क्षेत्र झालंय. आता वादळ होणार का?

हर्णै बंदरातल्या एका बोटमालकांनी विचारलं आहे: लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याचं हवामान खात्याने सांगितलंय. मोबाईलवर आठ-दहा दिवसांनंतरच्या वादळाचे लाल-जांभळे नकाशे फिरतायत. बोटी आठवड्याच्या फेरीला निघायच्या आहेत. वादळ होणार का, झालं तर कुठे लागणार, आणि आपलं आपण काय पाहायचं?

यातल्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आज कुणाकडेच नाही, हे आधी सांगतो. कुठे लागणार हे कळायला त्या भोवऱ्याला केंद्र असावं लागतं. कमी दाबाचं क्षेत्र म्हणजे शेकडो किलोमीटरचा पसरट, विस्कळीत भाग. त्यात वारे गोल फिरतात, पण नेमके कशाभोवती ते अजून ठरलेलं नसतं. संगणकाचं मॉडेल गणिताला सुरुवात करताना केंद्र कुठेतरी गृहीत धरतं. आज ते दीडशे किलोमीटर पूर्वेला धरलं तर आठव्या दिवशी वादळ रायगडला दिसतं, पश्चिमेला धरलं तर ओमानला. सकाळचा आणि रात्रीचा नकाशा एकमेकांना छेद देतात ते यामुळे. केंद्र जमेपर्यंत त्या रेषांवरून बंदराचं नाव काढू नका.

पण तुमचा निर्णय केंद्र जमायची वाट पाहू शकत नाही, आणि अरबी समुद्रातली खरी अडचण हीच आहे. निसर्ग वादळाचं वेळापत्रक आठवा. ३१ मे २०२० ला कमी दाबाचं क्षेत्र. १ जूनला पहाटे डिप्रेशन, म्हणजे त्या क्षेत्राची पुढची, जास्त वाऱ्याची पायरी. २ जूनला दुपारी चक्रीवादळ झालं आणि नाव मिळालं. ३ जूनला पहाटे ते तीव्र चक्रीवादळ झालं आणि त्याच दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, तेव्हा वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. नाव मिळाल्यापासून किनाऱ्यापर्यंत जेमतेम एक दिवस. त्या वेळी मासेमारीचा हंगाम संपत आला होता, म्हणून बोटी बहुतेक किनाऱ्यावर होत्या. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयानला तसं नव्हतं; ते अलिबाग आणि मुंबईच्या मधे लागलं तेव्हा ऐन हंगाम चालू होता. २०१७ च्या ओखीने तर आणखी कमी वेळ दिला. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ डिप्रेशन आणि ३० तारखेला सकाळी कन्याकुमारीच्या समुद्रात चक्रीवादळ. केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार तोवर खोल समुद्रात पोचले होते. त्यातल्या कित्येक बोटी वाऱ्याबरोबर वर येऊन देवगडच्या आश्रयाला लागल्या.

म्हणून माझं ठाम मत आहे की मासेमारीचा निर्णय वादळाच्या नावावर किंवा मार्गावर ठेवू नये. तो पायरीवर ठेवावा. हवामान खात्याच्या पायऱ्या वाऱ्याच्या वेगावर ठरतात: ताशी ३१ किलोमीटरच्या आत कमी दाबाचं क्षेत्र, ३१ ते ५० डिप्रेशन, ५१ ते ६२ डीप डिप्रेशन, आणि ६२ ओलांडले की चक्रीवादळ. नाव या शेवटच्या टप्प्यावरच मिळतं. मे २०२५ मध्ये ‘शक्ती’ वादळ येतंय म्हणून अख्ख्या कोकणात गदारोळ झाला. खात्याने असं कुठलंही वादळ जाहीर केलेलं नव्हतं. प्रत्यक्षात जे झालं ते डिप्रेशन. २४ मेला दुपारच्या सुमारास ते रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आलं, भरपूर पाऊस देऊन गेलं, आणि दोन दिवसांत मान्सून मुंबईत पोचला. शक्ती हे नाव यादीतून खरोखर वापरलं गेलं ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, आणि ते वादळ पश्चिमेला निघून गेलं. वाऱ्याने ६२ चा आकडा ओलांडायच्या आधी कुणी नाव घेत असेल तर तो निरोप पुढे पाठवू नका. मात्र त्या मेमध्ये ‘वादळ नाहीच’ असं समजून जे समुद्रात गेले असतील, त्यांच्यासाठी ते डिप्रेशनही पुरेसं धोक्याचं होतं.

आता पहिला प्रश्न, होणार का. पुस्तकात अटींची यादी असते: समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर आणि तेही चांगलं पन्नास मीटर खोलीपर्यंत, विषुववृत्तापासून पुरेसं अंतर, मधल्या थरात ओलावा, आधीपासून असलेला एखादा भोवरा, आणि वरच्या-खालच्या वाऱ्यांत कमी फरक. यातल्या पाण्याच्या तापमानावर फार वेळ घालवू नका. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या बाजूचं पाणी बहुतेक वेळा २९-३० अंश असतंच. तो समुद्र तापत चाललाय हे मात्र खरं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन काळांची तुलना केली, तेव्हा अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. पण एखादं विशिष्ट क्षेत्र वाढणार की विरणार, हे बहुतेकदा दोनच गोष्टींवर ठरतं: विंड शिअर, म्हणजे खालच्या आणि वरच्या वाऱ्यांतला फरक, आणि कोरडी हवा.

भोवरा जमिनीलगत, दीड किलोमीटरवर, तीन किलोमीटरवर आणि साडेपाच-सहा किलोमीटरवर एकाच उभ्या रेषेत यावा लागतो. हंड्यांची उतरंड सरळ असली तर उभी राहते, कलली की कोसळते, तसं हे आहे. खात्याच्या रोजच्या बुलेटिनमध्ये एक वाक्य असतं जे बहुतेक लोक ओलांडून जातात: ‘संबंधित चक्राकार वारे समुद्रसपाटीपासून अमुक उंचीपर्यंत असून उंचीनुसार नैऋत्येकडे कललेले आहेत.’ मी सगळ्यात आधी तेच वाचतो. ‘कललेले’ हा उल्लेख असेपर्यंत ती रचना घट्ट झालेली नसते. उंची ३.१ वरून ५.८, मग ७.६ किलोमीटर झाली आणि कलल्याचा उल्लेख गळाला, की मी त्या क्षेत्राकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. हे वाक्य सकाळ-संध्याकाळ फुकट उपलब्ध असतं, आणि दहा दिवसांच्या नकाशापेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, अरबी समुद्रात वादळं जवळपास होत नाहीत ती याच शिअरमुळे. खाली जोरदार नैऋत्य वारे आणि वर तितकाच जोरदार पूर्वेचा झोतप्रवाह, यांच्यात भोवऱ्याचा माथा आणि पाया वेगवेगळ्या दिशांना ओढला जातो. ऑगस्ट २०२४ मधलं असना हा दुर्मीळ अपवाद. कच्छवरून समुद्रात उतरलेल्या डीप डिप्रेशनमधून ते झालं, आणि ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात असं त्याआधी १९७६ साली घडलं होतं. कोरडी हवा येते अरबस्तानच्या वाळवंटावरून. पाण्याच्या वाफेच्या उपग्रह चित्रात ती गडद, रिकाम्या पट्ट्यासारखी दिसते. तो पट्टा पश्चिमेकडून वळसा घेत भोवऱ्यात शिरताना दिसला तर ढगांची वाढ खुंटते.

उपग्रह चित्रं इन्सॅटची असतात, अर्ध्या तासाने नवीन मिळतं. ती पाहताना एका गोष्टीने नवखे हमखास फसतात. समुद्रावरचे गडगडाटी ढग उत्तररात्री आणि पहाटे फुगतात, दुपारनंतर ओसरतात. हा त्यांचा रोजचा क्रम आहे. पहाटे पाचच्या चित्रात लक्षद्वीपजवळ मोठा पांढरा गोळा दिसतो, त्याचं चित्र गावभर जातं, आणि दुपारी तीनला तिथे चार तुकडे उरलेले असतात. तुम्ही दुपारचं चित्र पाहा. दुपारी तीन-चारलाही ढग टिकून असतील, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळीही त्याच केंद्राजवळ असतील, तर क्षेत्र जोर धरतंय. मग पाहा ढग केंद्राच्या कुठल्या बाजूला आहेत. दिवसाच्या चित्रात खालच्या ढगांच्या बारीक वळणदार रांगा दिसतात. त्या जिथे गोल फिरतात ते केंद्र. सगळे उंच ढग त्याच्या पश्चिमेला ढकललेले आणि केंद्र उघडं पडलेलं असेल, तर पूर्वेचे वरचे वारे त्याला वाढू देत नाहीयेत. ढगांचा पट्टा केंद्राला गुंडाळायला लागला, अर्धा वळसा झाला, मग पाऊण, तर वाढ होतेय. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात या वळशावरूनच तीव्रता मोजायची पद्धत बसवली आणि ती आजही जगभर वापरली जाते. बुलेटिनमधला ‘टी’ क्रमांक तो हाच: १.५ म्हणजे डिप्रेशन, २.० डीप डिप्रेशन, २.५ चक्रीवादळ. चोवीस तासांत टी एकाने वाढणं ही नेहमीची चाल. दीड-दोनाने वाढला तर वाढ स्फोटक आहे.

ढगांखालचा वारा मोजणारे उपग्रहही आहेत. मेटॉप या युरोपियन उपग्रहावरचं अॅस्कॅट हे उपकरण आणि आपला ओशनसॅट उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाच्या खरखरीतपणावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतात. तिथे वाऱ्याचे बाण पूर्ण गोल फिरताना दिसले की केंद्र जमलं असं मी मानतो. पूर्वेकडे दक्षिणेचे वारे जोरात आणि पश्चिमेची बाजू रिकामी, असं असेल तर तो अजून नुसता वाकलेला प्रवाह आहे.

मॉडेलबद्दल थोडं. विंडीसारख्या अॅपवर जे हलतं ते मोजमाप नसून भाकीत असतं, हे बरेच जण विसरतात. अमेरिकन जीएफएस मॉडेल आठव्या-दहाव्या दिवशी अरबी समुद्रात न होणारी वादळं दाखवतं, हा माझा वारंवारचा अनुभव आहे. युरोपियन मॉडेल त्या मानाने संयमी असतं, पण कधी कधी उशिरा जागं होतं. एकच रेषा पाहण्यापेक्षा एकाच मॉडेलच्या पन्नासएक वेगवेगळ्या सुरुवातींचा संच पाहावा. त्यातल्या चार-पाच रेषांत वादळ असेल तर शक्यता कमी, चाळीसमध्ये असेल आणि लागोपाठ तीन-चार वेळच्या अंदाजांत टिकलं असेल तर गंभीर. २०२३ च्या बिपरजॉयच्या वेळी सुरुवातीच्या दिवसांत काही रेषा ओमानला, काही पाकिस्तानला, काही गुजरातला जात होत्या. वादळ ६ जूनला झालं आणि कच्छमधल्या जखाऊजवळ लागलं १५ जूनला. इतके दिवस त्या पसाऱ्यातून एक रेषा उचलून ‘मुंबईला धोका’ म्हणणं बेजबाबदारपणाचं होतं.

आपल्या किनाऱ्याची एक खास अडचण आहे, आणि ती समजली की अंदाज बदलल्याचा राग येत नाही. ओडिशात वादळ बहुधा किनाऱ्यावर बरंचसं समोरून येतं. कोकणचा किनारा दक्षिणोत्तर आहे आणि वादळंही पुष्कळदा दक्षिणेकडून उत्तरेला, किनाऱ्याला जवळपास समांतर चालतात. हिशोब करून पाहा. वादळ किनाऱ्यापासून १५० किलोमीटर आत आहे आणि किनाऱ्याशी १५ अंशांचा कोन करून चाललंय, तर ते सुमारे ५६० किलोमीटर उत्तरेला जाऊन जमिनीला लागेल. कोन २५ अंश झाला तर ३२० किलोमीटरवरच. दहा अंशांचा फरक अंदाज करणाऱ्याच्या हातात नसतो, आणि त्यात जवळजवळ २४० किलोमीटर किनारा बदलतो. रत्नागिरी ते मुंबई सरळ रेषेत अंतर याहून थोडं कमीच आहे. मे २०२१ मधलं तौक्ते असंच समांतर गेलं. मुंबईला ते लागलं नाही, तरी कुलाब्याला झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले आणि मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात पी-३०५ ही बार्ज बुडाली. जमिनीला ते लागलं गुजरातमध्ये, दीव-ऊनाजवळ, १७ मेच्या रात्री. उलट २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये क्यार रत्नागिरीच्या समोरच जन्माला आलं आणि पश्चिमेला वळून सुपर सायक्लोन झालं ते दूर भर समुद्रात. तरी देवगड-मालवणला लाटांनी त्रास दिलाच.

नकाशावर केंद्राच्या रेषेबरोबर तिची उजवी बाजूही पाहायची सवय लावा. आपल्या गोलार्धात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे वादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला वाऱ्यात चालीचा वेगही मिळतो. निसर्ग ईशान्येला सरकत आत शिरलं तेव्हा त्याच्या दक्षिणेला असलेल्या पट्ट्यावर समुद्राकडून वारा आला. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या नारळी-पोफळी त्या बाजूला होत्या. उत्तरेच्या मुंबईला जमिनीकडून येणारा वारा मिळाला आणि ती तुलनेने वाचली. तुम्ही हर्णैचे, केंद्र तुमच्या उत्तरेला शंभर किलोमीटरवर लागणार असा अंदाज असेल तर निर्धास्त होऊ नका. तेवढंच ते दक्षिणेला लागलं तर तुमचा वारा जमिनीकडून असेल.

रोज काय वाचायचं? दिल्लीच्या प्रादेशिक चक्रीवादळ केंद्राचं बुलेटिन रोज निघतं. त्यात पुढच्या सात दिवसांचा तक्ता असतो, प्रत्येक चोवीस तासांसाठी डिप्रेशन होण्याची शक्यता: नाही, कमी, मध्यम, जास्त. कमी म्हणजे ३३ टक्क्यांपर्यंत, मध्यम ६७ पर्यंत, त्यापुढे जास्त. दर गुरुवारी दोन आठवड्यांचा अंदाजही येतो. मी आकड्यापेक्षा त्याची चाल पाहतो. काल चौथ्या दिवसाला ‘कमी’ होतं, आज तिसऱ्या दिवसाला ‘मध्यम’ झालं, म्हणजे शक्यता जवळही येतेय आणि वाढतेही आहे. चौथ्या दिवसाचं ‘कमी’ रोज चौथ्याच दिवशी राहत असेल तर ते मॉडेलचं मृगजळ असू शकतं. अमेरिकन नौदलाचं केंद्र त्याच क्षेत्राला ९० ते ९९ मधला क्रमांक आणि पुढे ए हे अक्षर देतं. त्यांचे वाऱ्याचे आकडे एक मिनिटाच्या सरासरीचे, आपले तीन मिनिटांच्या. त्यामुळे त्यांचा आकडा थोडा मोठा दिसतो. दोन्ही एकत्र करून घाबरू नका.

आणि बोटीवर? बऱ्याच मोबाईलमध्ये हल्ली दाब मोजायची सोय असते. इथे एक खूण लक्षात ठेवायची. आपल्याकडे दाब रोज सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे चार आणि दुपारी चारला उतरतो. हा चढउतार तीनएक हेक्टोपास्कलचा (हवेचा दाब मोजायचं एकक) असतो. सकाळी दहा ते दुपारी चार दाब तीनने उतरला तर काहीच झालेलं नाही. तुलना कालच्या त्याच वेळेशी करा. काल दुपारी चारला १००८ होतं, आज चारला १००४ आहे, तर परतीचा रस्ता धरा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर केंद्र डाव्या हाताला, किंचित पुढे असतं. वारा ईशान्येकडून पूर्व, मग आग्नेय असा घड्याळाच्या दिशेने वळत असेल तर तुम्ही धोक्याच्या उजव्या बाजूला आहात. दिशा बदलतच नाही, वेग वाढतोय आणि दाब पडतोय, तर ते थेट तुमच्यावर येतंय. लांब अंतराच्या, बारा-चौदा सेकंदांनी येणाऱ्या लाटा वाऱ्याच्या आधी पोचतात, हे तांडेल पिढ्यान् पिढ्या ओळखतात. फक्त मेमध्ये दक्षिण महासागरातूनही तशाच लाटा येतात, त्यामुळे निव्वळ लाटांवरून वादळ म्हणू नये. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा सोबत पाहावा.

आता तुमच्या फेरीबद्दल. बोट शंभर सागरी मैल आत असेल आणि सात-आठ मैलांच्या वेगाने परत यायची असेल तर शांत समुद्रात बारा-चौदा तास लागतात. समोरून लाटा आल्या की जवळपास दुप्पट. त्यात जाळी ओढायचा वेळ. म्हणजे निरोप मिळाल्यापासून एक अख्खा दिवस धरा, आणि निसर्गने नावापासून किनाऱ्यापर्यंत तेवढाच दिला होता. त्यामुळे सात दिवसांच्या तक्त्यात पहिल्या चार दिवसांत कुठेही ‘मध्यम’ असेल तर लांबची फेरी काढू नये, असं मी सांगेन. ‘कमी’ असेल तर एक-दोन दिवसांची, चाळीसएक मैलांच्या आतली फेरी, आणि संध्याकाळचं बुलेटिन वायरलेसवर कळवायला किनाऱ्यावर एक माणूस नेमलेला. डिप्रेशन जाहीर झालं की चर्चा थांबवून बोटी बोलवायच्या, मार्ग ओमानचा दाखवत असला तरी.

हर्णै उघडं बंदर आहे, तिथे वादळात नांगरून राहता येत नाही. आंजर्ल्याच्या खाडीत शिरायचं तर तोंडाशी गाळ आहे आणि भरतीच लागते. ती चुकली तर पुढची बारा तासांनी. दाभोळ किंवा जयगड गाठायचं तर त्याचे तास वेगळे मोजा. बोटी परत बोलवायची वेळ ठरवताना भरतीचं कोष्टक आधी हातात घ्या आणि तिथून उलटे तास मोजत या.